ऑक्झेंडन : एका विरळ इंग्रजी आडनांवाचें मूळ व इतिहास

शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस रायगडावर श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हा दरबारीं हजर होता, हें सर्वश्रुत आहे. त्याची रोजनिशीवजा हकीकत शिवकालाच्या अभ्यासकांच्या नित्य उपयोगांतली आहे. परंतु ती लिहिणारा हा गृहस्थ कोणत्या घराण्यांतला, त्याच्या आडनांवाचा अर्थ काय, हें विचारावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. नांवाची स्थितीहि चमत्कारिक आहे. कोठें ऑक्झेंडन, कोठें ऑक्झिंडन, कोठें ऑक्सेंडन अशीं रूपें मराठी ग्रंथांत दृष्टीस पडतात, आणि कित्येकदां त्यास ‘सर’ ही पदवीहि जोडलेली असते. हा प्रश्न नुसत्या लेखनशुद्धीचा नव्हे. सतराव्या शतकाच्या मध्यावर या एकाच घराण्यांत हेन्री नांवाचे तीन कर्ते पुरुष एकाच वेळीं हयात होते. तिघांचेहि कागद शिल्लक आहेत अथवा तिघांचा उल्लेख समकालीन कागदांत येतो. एकाचें चरित्र दुसऱ्यास चिकटविण्याचा संभव यामुळें फार मोठा आहे. सबब या आडनांवाचा मुळापासून तपास करून रायगडचा हेन्री त्यांतून वेगळा काढावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नॉर्मन लोकांनीं १०६६ त इंग्लंड जिंकल्यानंतर पुढील तीन-चार शतकांत तेथें आडनांवें वंशपरंपरेनें चालूं लागलीं. कोणास बापाच्या नांवावरून आडनांव मिळालें, कोणास धंद्यावरून, कोणास अंगच्या एखाद्या लकबीवरून, आणि पुष्कळांस गांवावरून किंवा शेतावरून. या शेवटल्या वर्गांतील नांवांस आरंभीं ‘द’ हें फ्रेंच अव्यय लागत असे. रिचर्ड द ऑक्झेंडन म्हणजे ऑक्झेंडनचा रिचर्ड. आपल्याकडे ‘कर’ हा प्रत्यय जें काम करतो तेंच हें अव्यय करीत होतें. फरक इतकाच कीं आपला ‘कर’ नांवाला कायमचा चिकटून राहिला आणि त्यांचा ‘द’ कालांतरानें गळून पडला. उद्यां निंबाळकरांस नुसतें निंबाळ म्हणूं लागलों तर जें होईल तें तिकडे झालें. स्थळाचें नांवच माणसाचें नांव होऊन बसलें.

आतां अर्थाकडे वळूं. शब्दाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. जुन्या इंग्रजींत ‘ओक्सा’ म्हणजे बैल आणि ‘ओक्स्ना’ हें त्याचें षष्ठीचें बहुवचन, म्हणजे बैलांचें. उत्तरार्ध मात्र जपून घेतला पाहिजे, कारण तीन निरनिराळे शब्द झिजून एकमेकांसारखे दिसूं लागले आहेत. ‘डेनु’ म्हणजे दरी, ‘डेन’ म्हणजे रानांतील चराईची जागा, आणि ‘डून’ म्हणजे टेकडी. केंट परगण्याच्या नैर्ऋत्य भागांत, वील्ड नांवाच्या जुन्या अरण्यपट्टींत, टेंटरडेन, बिडेंडेन, बेनेंडेन अशीं जीं गांवें आहेत त्यांतला शेवटचा अवयव चराईवाचक आहे. तेथें शरद ऋतूंत डुकरांचे कळप ओकच्या फळांवर चारावयास नेत. परंतु ऑक्झेंडनांचा मुलूख तो नव्हे. त्यांची वस्ती पूर्व केंटमध्यें, कँटरबरीच्या पूर्वेस विंगहॅम व त्याच्या आसपास आहे. हा प्रदेश खडूच्या टेकड्यांचा असून टेकड्यांमधून उथळ, कोरड्या दऱ्या गेल्या आहेत. या घराण्याच्या मुख्य वाड्याचें नांवच मुळीं ‘डीन’, म्हणजे दरी, असें होतें. तेव्हां ‘बैलांची दरी’ हाच अर्थ मला ग्राह्य वाटतो. चराईचा अर्थ अगदींच अशक्य नाहीं, परंतु तो घेतला तर वील्डमधील रीत पूर्वेकडे ओढावी लागते.

टेकडीचा अर्थ मात्र साफ वर्ज्य केला पाहिजे. नॉर्दॅम्प्टनशायरमध्यें ग्रेट ऑक्सेंडन म्हणून एक खेडें आहे, आणि तें खरोखरच टेकडीवरून नांव पावलेलें आहे. त्या गांवाचा व या घराण्याचा संबंध नाहीं. गोंधळांत भर घालणारी गोष्ट अशी कीं लंडन शहरांत हेमार्केटजवळ या केंटच्या घराण्याच्या नांवाचा एक रस्ता आहे, व त्याच्या पाटीवर अक्षरें आहेत तीं टेकडीच्या गांवासारखीं, म्हणजे शेवटीं ‘डेन’ नसून ‘डन’. ही जमीन घराण्यांत आली ती रॉबर्ट बेकर याच्या कन्येबरोबर. हा बेकर शिंपी. त्याच्या हवेलीस लोक थट्टेनें पिकाडिली हॉल म्हणत, आणि लंडनच्या सुप्रसिद्ध पिकाडिली रस्त्याचें नांव त्यावरूनच निघालें. एका शिंप्याच्या जांवयामुळें दरीची टेकडी झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

घराण्यांतील मंडळी स्वतः आपल्या नांवाचा अर्थ काय समजत होती, याची साक्ष त्यांच्या ढालीवर आहे. रुपेरी जमिनीवर तांबडी कैची आणि तिच्या भोंवतीं तीन काळे बैल, शिंगें व खूर सोन्याचे, असें त्यांचें कुलचिन्ह होतें. नांवाचा अर्थ चित्रांत सांगणारीं अशीं चिन्हें इंग्लंडांत पुष्कळ आहेत. चित्रावरून व्युत्पत्ति सिद्ध होत नाहीं हें खरें, कारण चिन्ह नांवानंतर घेतात. येथें मात्र चित्र व व्युत्पत्ति एकमेकांस पोषक आहेत. विंगहॅमच्या देवळांत या घराण्याचें १६८२ त उभारलेलें संगमरवरी स्मारक आहे, त्याच्या चारी कोपऱ्यांवर बैलांचीं मोठालीं मुंडकीं बसविलेलीं आहेत.

नांवाचा अर्थ असा ठरला, तरी लेखनांतील वैविध्य राहतेंच. ‘ए’ घालून ऑक्झेंडन, ‘इ’ घालून ऑक्झिंडन, शेवटीं ‘डाइन’ लावून ऑक्झेंडाइन, अशीं रूपें त्या काळच्या कागदांत आढळतात. यांतलें शुद्ध कोणतें, असें विचारण्यांत अर्थ नाहीं. अठराव्या शतकापूर्वीं इंग्रजींत विशेषनामांचें लेखन मुळीं ठरलेलेंच नव्हतें. लिहिणाऱ्याच्या कानास जसें लागे तसें तो लिही. मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घाचा विचार न करणाऱ्या आपल्या चिटणिसांस याचें नवल वाटलें नसतें. पुढें पुढें मात्र बारहॅम येथील धाकट्या शाखेच्या कागदांवरून ‘इ’ हें रूप विद्वानांत रूढ झालें, आणि डीन येथील थोरल्या शाखेनें, जिच्याकडे पदवी आली, ‘ए’ कायम केला. सुरतेच्या वखारीचे कागद दोन्ही रूपें वापरतात. पुण्याहून १९३१ त प्रसिद्ध झालेल्या शिवकालीन इंग्रजी कागदांच्या संग्रहांतहि ‘इ’ आहे. ग्रंथ बदलला कीं नांव बदललेलें दिसतें तें यामुळें. माणूस बदललेला नसतो.

प्राचीन पुरुषांविषयीं थोडक्यांत आटोपतों. कँटरबरीच्या ख्राइस्ट चर्च मठाचा रिचर्ड ऑक्झेंडन हा १३३१ पासून १३३८ पर्यंत प्रायर म्हणजे मठाधिकारी होता. त्याच सुमारास, तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दींत, सॉलोमन ऑक्झेंडन यापासून घराण्याची वंशावळ सुरू होते. पुढील अडीचशें वर्षांत ही मंडळी विंगहॅमच्या परिसरांत जमीन मिळवीत, चांगल्या घराण्यांशीं सोयरिका करीत हळूहळू वर आली. सतराव्या शतकाच्या आरंभीं डीन येथें सर हेन्री ऑक्झेंडन हा नाईट पदवीचा जमीनदार होता. तो १६२० त वारला. त्याचा एक मुलगा सर जेम्स डीन येथेंच राहिला. दुसरा, रिचर्ड, बारहॅमच्या शाखेचा मूळ पुरुष झाला. आपणांस हवे असलेले तिन्ही हेन्री या दोन भावांच्या वंशांतले आहेत.

पहिला हेन्री बारहॅमचा, रिचर्डचा पुत्र. जन्म १६०९, मृत्यु १६७०. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं या पुरुषाची ओळख अवश्य करून घ्यावी. यानें राज्यकारभारांत कांहीं केलें नाहीं, लढाई मारली नाहीं, पैसा तर गमावलाच; परंतु कागद टाकला नाहीं. आलेलीं पत्रें त्यानें जपलीं, धाडलेल्या पत्रांचे मसुदे ठेवले, आणि आज ब्रिटिश लायब्ररींत २७,९९९ या क्रमांकापासून पुढें ऑक्झिंडन पत्रव्यवहाराच्या ज्या जाडजूड वह्या आहेत त्या बहुतांशीं त्याच्या या संवयीचें फळ होय. डॉरोथी गार्डिनर या विदुषीनें त्यांतील निवडक पत्रें १९३३ व १९३७ अशा दोन भागांत प्रसिद्ध केलीं. राजा व पार्लमेंट यांच्या यादवींत खेड्यांतल्या जमीनदाराचें घर कसें चालत होतें, कर्ज कसें वाढे, मुलीचें लग्न कसें जुळे, वकील किती खात, हें त्यांत जसें दिसतें तसें मोठ्या राजकारणी पुरुषांच्या दफ्तरांत दिसत नाहीं. पहिली पत्नी वारल्यावर त्यानें कॅथरिन कलिंग या साध्या शेतकऱ्याच्या मुलीशीं १६४२ त विवाह केला. नातलगांचीं नाकें मुरडलीं. तेव्हां कुलीनता रक्तांत कीं गुणांत, या विषयावर त्यानें आप्तांस लिहिलेलीं लांबच लांब पत्रें मोठीं वाचनीय आहेत.

याच हेन्रीच्या टिपणवह्यांपैकीं एक अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयांत आहे. तिच्यांत त्यानें आपल्या संग्रहीं असलेल्या जुन्या नाटकांची यादी दिली आहे. सुमारें १२० छापील नाटकें, बहुतेक एलिझाबेथ राणीच्या व तिच्या लगतच्या काळांतलीं. जीं पुस्तकें त्या काळीं वाचून फेकून देण्याच्या लायकीचीं समजत तीं केंटमधल्या एका कर्जबाजारी गृहस्थानें बांधून ठेवलीं होतीं. नाटककार मार्लो हा कँटरबरीचा. त्याच्या नास्तिकपणाविषयीं सायमन ऑल्ड्रिच नामक वृद्धाकडून ऐकलेली आठवणहि हेन्रीनें टिपून ठेवली, आणि मार्लोच्या चरित्रकारांस ती १९३५ च्या सुमारास उपलब्ध झाली. शेवटीं देणें फार होऊन हा गृहस्थ १६६३ त धर्मोपदेशक झाला व बकिंगहॅमशायरमधील रॅडनेज या गांवीं पाद्री म्हणून गेला. त्याचा रायगडाशीं कांहींएक संबंध नाहीं. तो शिवराज्याभिषेकापूर्वीं चार वर्षें वारला.

दुसरा हेन्री म्हणजे डीनच्या सर जेम्सचा पुत्र, जन्म १६१४, बारहॅमकराचा चुलतभाऊ. हा पार्लमेंटचा सभासद होता, बेकरची मुलगी पहिल्यानें यासच दिलेली, आणि ८ मे १६७८ रोजीं बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी यास मिळाली. मृत्यु १६८६. हाहि हिंदुस्थानांत आला नाहीं. परंतु हिंदुस्थानशीं घराण्याचा जो संबंध जडला तो याच्या दोन भावांमुळें.

त्यांपैकीं क्रिस्टोफर हा सुरतेच्या वखारींत व्यापारी असतां १६५९ त तेथेंच वारला. दुसरा सर जॉर्ज, जन्म १६२०. यास १६६१ त नाईट पदवी मिळाली व पुढल्या वर्षीं तो सुरतेचा प्रेसिडेंट होऊन आला. शिवछत्रपतींनीं १६६४ च्या जानेवारींत सुरत लुटली तेव्हां मोंगल सुभेदार किल्ल्यांत दडून बसला, आणि या सर जॉर्जनें मूठभर माणसांनिशीं इंग्रजांची वखार राखली. कंपनीनें त्याबद्दल त्यास सुवर्णपदक व दोनशें पौंड बक्षीस दिलें. मुंबई बेट १६६८ च्या मार्चांत राजाकडून कंपनीस मिळालें व सप्टेंबरांत त्याचा ताबा घेतला गेला, तेव्हां कंपनीच्या वतीनें मुंबईचा पहिला गव्हर्नर हाच. तो १४ जुलै १६६९ रोजीं सुरतेस वारला. त्याच्या बहिणीचा मुलगा स्ट्रेन्शॅम मास्टर हा लहान वयांत मामाबरोबर इकडे आलेला. तो पुढें मद्रासेच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर झाला. घराण्यांतल्या धाकट्या मुलांनीं कंपनीच्या नोकरींत शिरावें व आपल्या मागून भाचे-पुतण्यांस ओढावें, ही त्या काळची रीतच होती. आपल्याकडील पेशवाईंत ती कोणास नवीन वाटणार नाहीं.

सुरतेस या दोघां भावांची एकत्र कबर आहे ती अवश्य पाहण्यासारखी आहे. क्रिस्टोफरवर आधीं घुमटी होती. सर जॉर्ज वारल्यावर ती पोटांत घेऊन तिच्याभोंवतीं खांबांची दुमजली मोठी इमारत व तिच्यावर घुमट उठविला. उंची सुमारें ४० फूट. मुसलमानी मकबऱ्याची शैली इंग्रज व्यापाऱ्यांनीं उचलल्याचा हा ठळक नमुना होय. क्रिस्टोफरच्या लॅटिन लेखांत वखारीचा हिशेबनीस बोलतो : मृत्यूनें एकाएकीं हिशेब मागितला, धन्यांनीं चाकर गमावला, सोबत्यांनीं सोबती आणि त्यानें प्राण, परंतु जमेच्या बाजूस मरण हाच लाभ मांडावा, असा त्याचा भावार्थ आहे.

आतां तिसरा हेन्री. बॅरोनेट सर हेन्रीस दुसऱ्या पत्नीपासून, एलिझाबेथ मेरेडिथपासून, जेम्स, हेन्री, क्रिस्टोफर व जॉर्ज असे पुत्र झाले. त्यांतला हा हेन्री चुलत्याच्या वाटेनें कंपनीच्या नोकरींत मुंबईस आला व पुढें तेथें डेप्युटी गव्हर्नर झाला. रायगडीं गेला तो हाच. चुलत्यानें ज्या राजाविरुद्ध सुरतेची वखार राखली, त्याच राजापुढें दहा वर्षांनीं पुतण्या नजराणा घेऊन उभा राहिला. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यानें त्यास जॉर्ज रॉबिन्सन व टॉमस मिचेल या दोघां सोबत्यांसह धाडलें होतें. दुभाषी नारायण शेणवी. महाराज प्रतापगडीं भवानीच्या दर्शनास गेले असल्यामुळें या मंडळींस पाचाडास कांहीं दिवस खोळंबावें लागलें. राजापूरच्या वखारीची भरपाई व व्यापाराच्या सवलती हे वाटाघाटीचे मुख्य विषय. सिंहासनाच्या दोहों बाजूंस सोन्याच्या भाल्यांवर लावलेलीं मोठ्या दांतांचीं मत्स्यमुखें, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचा तराजू हीं त्यानें नीट पाहून लिहून ठेवलीं, आणि गडावर हत्ती कसे चढविले असावेत याचें आश्चर्यहि नमूद केलें. त्याच्या कागदांत हा दिवस ६ जून आहे. इंग्लंडांत १७५२ पर्यंत जुनें पंचांग चालत होतें, म्हणून नव्या पंचांगाप्रमाणें त्या दिवशीं १६ जून येतो, हेंहि येथें सांगून ठेवतों.

तिघां हेन्रींचा हा निवाडा झाल्यावर ‘सर’ या पदवीचा निकाल आपोआप लागतो. घराण्यांत बॅरोनेट पदवी आली ती १६७८ त, म्हणजे राज्याभिषेकानंतर चार वर्षांनीं, व तीहि बापाकडे. बापामागून ती थोरल्या जेम्सकडे गेली. जेम्स १७०८ त निपुत्रिक वारला तेव्हां कुठें ती हेन्रीस मिळाली. तो तिसरा बॅरोनेट, आणि पुढल्याच वर्षीं १७०९ त त्याचा अंत झाला. रायगडावरील वकिलास ‘सर हेन्री’ म्हणणें म्हणजे बापाची पदवी मुलास किंवा म्हातारपणची पदवी तारुण्यास लावणें होय. रायगडच्या प्रसंगीं तो नुसता हेन्री ऑक्झेंडन होता. सूचीकारांनीं जन्ममृत्यूच्या सनांसह तिन्ही नांवें निराळीं नोंदविलीं तर हा घोटाळा कायमचा मिटेल.

हेन्रीलाहि वारस नसल्यामुळें पदवी पुतण्याकडे, आणि १७२० त त्याच्या भावाकडे, पांचवा बॅरोनेट सर जॉर्ज याच्याकडे, गेली. अठराव्या शतकाच्या मध्यावर डिक्सवेल घराण्याचा ब्रूम येथील वाडा ऑक्झेंडनांकडे आला. ही विटांची देखणी इमारत १६३५ ते १६३८ या वर्षांत बांधलेली असून बारहॅमच्याच हद्दींत आहे. मॉंट्रिऑलचा बिशप ॲश्टन ऑक्झेंडन (१८०८ ते १८९२) हा ब्रूमच्या शाखेंतला. पुढें वाडा विकला गेला, आणि १९११ त लॉर्ड किचनेर यानें तो घेतला. हिंदुस्थानचा सरसेनापति म्हणून त्यास येथें सर्व ओळखतात. शेवटचा बॅरोनेट १९२४ त वारला व पदवी खुंटली.

नांव विरळ कां झालें, याचें कारण वरील वंशावळींतच आहे. न्यूटन नांवाचीं गांवें इंग्लंडांत पुष्कळ, म्हणून न्यूटन आडनांवाचीं घराणींहि पुष्कळ व एकमेकांशीं असंबद्ध. ऑक्झेंडन हें एका जागेचें आणि एका कुळाचें नांव. तें चालावयाचें तर मुलगेच हवेत. परंतु जमीन थोरल्याची, धाकटे सुरतेस, मठांत किंवा विद्यापीठांत; कित्येक अविवाहित अथवा निपुत्रिक वारले. हिंदुस्थानच्या हवेनेंहि आपला वांटा घेतला.

तरी हें नांव जगांतून गेलेलें नाहीं. अमेरिकेंत उत्तर कॅरोलिना संस्थानच्या रॉबसन परगण्यांत लम्बी म्हणून मूळच्या रहिवाशांचा मोठा समाज आहे, आणि त्यांच्यांत ‘ऑक्झेंडाइन’ हें आडनांव घरोघर आहे. ‘डाइन’ असें शेवट असलेलें रूप सतराव्या शतकाच्या लेखनांत या केंटच्या घराण्यासहि लावलेलें आढळतें हें वर सांगितलेंच आहे. नुसत्या नामसादृश्यावरून केंटच्या जमीनदारांशीं त्यांचें रक्ताचें नातें जोडतां येत नाहीं. वसाहतींत नांवें लग्नानें, चाकरीनें, धन्यावरून, अनेक वाटांनीं जात. परंतु बैलांच्या दरीचें तें नांव आज विंगहॅमच्या देवळांत दगडावर वाचावें लागतें, आणि रॉबसनमध्यें शाळेच्या हजेरीपटावर.